डब्यात अडकलेली पाण्याची वेळ

पाण्याची वेळ ही कुणाच्या बापाची मालमत्ता नाही, हे माझ्या पत्रकातलं पहिलंच वाक्य होतं. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

तेव्हा आम्ही तुळिंजला दुमजली चाळीत राहायचो. नळ एकच, खाली अंगणात. पाणी दिवसाआड, पाऊण तास, आणि वेळेचा पत्ता नाही. पालिकेचा चावीवाला व्हॉल्व्ह फिरवून केबलवाल्याला फोन करायचा. केबलवाला मग आपल्या लोकल चॅनलवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली, पट्टी फिरवायचा: पाणी सुटले आहे. पट्टी दिसली की अख्खी चाळ हंडे घेऊन खाली.

आणि या केबलवाल्याने जाहीर केलं की रविवारी सकाळी दहापासून सगळं डिजिटल. लोकल चॅनलसुद्धा. सेट-टॉप बॉक्सचा डबा विकत घ्या, नाहीतर पडद्यावर मुंग्या बघा. म्हणजे नळाला पाणी आलंय हे कळायला डबा! मी बहिष्कार पुकारला. सगळ्यांनी सह्या केल्या. वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी सही केली आणि डबाही घेतला. जाब विचारला तर म्हणाले, "सही माझी आहे. डबा बायकोचा."

रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी मला दारातच गाठलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता.

"मी वसईला हार सांगायला चाललेय. पाणी सुटलं की माझी दोन्ही पिंपं भरायची. विसरलास तर पाहुण्यांना तुझ्या पत्रकांवर जेवायला वाढीन!"

मी बंद नळापाशी पाइप हातात घेऊन ठाण मांडलं. दहा वाजले. टीव्हींवर मुंग्या आल्या. घराघरातून "गेलं, गेलं!" असा ओरडा झाला, आणि ज्यांनी सह्या केल्या होत्या ते सगळे एकमेकांची नजर चुकवत सेक्रेटरींच्या घराकडे निघाले. मी चिडून त्यांना खाली आणायला वर गेलो. फक्त तेवढ्यासाठीच.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आवाज मोठा. बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावरची पावडर कुठे संपते तेसुद्धा दिसत होतं.

"लाज वाटत नाही?" मी ओरडलो.

"गप रे, दार उघडं टाकून उभा राहू नकोस, उजेड येतो," सेक्रेटरींच्या बायकोने मला खाली बसवलं.

मी बसलो. कुणीतरी लोकल चॅनल लावलं. पूर्वी ती पट्टी इतकी थरथरायची की अंदाजानेच वाचावी लागे. आता अक्षर न् अक्षर कोरल्यासारखं: पाणी सुटले आहे.

"काय अक्षर आहे!" सेक्रेटरी म्हणाले.

"हिरव्या रंगात जास्त उठून दिसलं असतं," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. यावर चर्चा झाली. बाई बघितली, क्रिकेट बघितलं, पुन्हा पट्टी बघितली, असा तास गेला.

दारात काकू उभ्या होत्या. हातात माझा पाइप. कोरडा.

खाली धावून नळ सोडला तर तो फक्त फुसफुसला. चावीवाला सायकलवरून चाललेला. त्याला आडवा गेलो, थोडं सोड म्हटलं.

"आता गोखिवऱ्याला पानी सोडायची पाली. टीवी बगत बसला काय? पानी नलाला येते, टीवीला नाय," असं म्हणून तो गेला.

काकू रडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी फक्त हंडे बाहेर काढले. चाळीमागच्या वाडीतल्या विहिरीवर रांग लागली. सेक्रेटरी, त्यांची बायको, सह्या करणारे सगळे. सर्वांत मोठी कळशी मला मिळाली. "बहिष्काराचे पुढारी, पुढे व्हा!" सेक्रेटरी मागून ओरडत होते. डबा यांचा, हमाली माझी!

साखरपुडा वेळेवर झाला. जेवणानंतर मुलाचे वडील दुसऱ्यांदा तांब्या मागत म्हणाले, "पाणी गोड आहे हो तुमच्याकडे. नळाचं का?"

"छे," काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "चळवळीचं."