दुसऱ्या बाजूची हळद

माझ्या नवऱ्याला जॅझ कळतं, असं पिंपरीच्या त्या कारखान्यात बरीच वर्षं मानलं जात असे. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की कंपनीचं क्वार्टर कुणाला मिळणार हे मोठ्या साहेबांच्या शब्दावर ठरतं, आणि मोठ्या साहेबांना जॅझ आवडतं.

साहेब ट्रेनिंगला जर्मनीला जाऊन आले ते एक रेकॉर्ड घेऊन. कव्हरवर डोळे मिटून सॅक्सोफोन फुंकणारा माणूस होता. शनिवारी संध्याकाळी हाताखालच्या चार जणांना सहकुटुंब बंगल्यावर बोलावून साहेब ती रेकॉर्ड लावायचे. "हे क्लासिक आहे. येरागबाळ्याला नाही कळायचं," असं आधीच सांगून ठेवायचे. मग येरागबाळा ठरायची कुणाची छाती? साहेबांनी मान डोलावली की बाकीचे डोलवत. माझा नवरा तर इतका तयार झाला होता, की साहेबांच्या मानेकडे न बघताही बरोबर त्याच ठिकाणी डोलवायचा. आम्ही बायका चीज टोस्ट खात कधी एकदा संपतंय याची वाट बघायचो.

आम्ही तेव्हा दापोडीला रेल्वेलाइनच्या कडेला दोन खोल्यांत राहत होतो. मी, नवरा आणि सासरे. पाणी चाळीच्या नळावरचं, रांग लावून. क्वार्टर मलाही हवंच होतं, उगाच साधूपणाचा आव कशाला आणू? घरात नळ असावा म्हणून नवऱ्याने मान डोलावून मोडून घेतली असती तरी माझी हरकत नव्हती.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत साहेबांनी ती रेकॉर्ड त्याला घरी ऐकायला दिली. असा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. नवरा बसमधून ती छातीशी धरून आला, जणू प्रसूतिगृहातून बाळ आणतोय. प्लेअर त्याने जुन्या बाजारातून आधीच आणून ठेवला होता.

त्याने पहिली बाजू लावली. तोच बंगल्यावरचा कालवा. संपल्यावर मी म्हटलं, "अहो, उलटी करून तर बघू." तर म्हणाला, "ती बाजू साहेब लावत नाहीत." जसं काही कंपनीचं सर्क्युलरच निघालं होतं! मी उलटी केली. तिकडचं वादन संथ होतं. कुणीतरी जाड तार एकेक करून छेडत होतं आणि मधूनच सॅक्सोफोन थोडं बोलून गप्प बसत होता. मला ते चक्क आवडलं. उंबऱ्यात तंबाखू मळत बसलेल्या सासऱ्यांचा हात थांबला. मूळचे चाकणकडचे, सगळी नोकरी लेथ मशीनवर गेलेली.

"ह्ये परत लाव गं पोरी," ते म्हणाले. मी परत लावलं. नवरा बाहेर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं आणि यंत्रं चालवायची नाहीत, त्यांना पुजायचं. नवरा कारखान्यात, शॉपमधल्या पूजेला गेला होता, मी नळावर. सासऱ्यांनी आपले पाने, कानस, कॅलिपर पुसून मांडले, माझ्या शिलाई मशीनला हार घातला. आणि मग प्लेअरवर राहिलेल्या रेकॉर्डवर हळदीची पाच बोटं ओढली, मध्ये कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. घरात ट्रान्झिस्टर कित्येक वर्षं होता, त्याला त्यांनी कधी पाकळीसुद्धा वाहिली नव्हती.

मी कळशी ठेवून बघते तर हे. हळद सुकली होती, मऊ फडक्याने हळूहळू निघाली असती. पण तेवढ्यात नवरा आला.

"अडाणी ते अडाणीच!" तो इतक्या मोठ्याने ओरडला, की चाळ दारात आली. "गेलं माझं क्वार्टर! पुन्हा माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका."

"फिरतं यंतर हाय, म्हून केली रं पूजा," सासरे म्हणाले.

मग आमच्या डिप्लोमाधारकाने आपली अक्कल दाखवली. शॉपमध्ये सगळं रॉकेलने पुसतात, म्हणून याने चिंधी रॉकेलमध्ये बुडवून रेकॉर्ड खसाखसा घासली. वर होती ती हळद सगळी रेघांमध्ये उतरली. मधला कागदही पिवळा झाला. बापाने केलं नव्हतं तेवढं नुकसान लेकाने करून दाखवलं.

शनिवारी तो न जेवताच रेकॉर्ड घेऊन बंगल्यावर निघाला. मीही गेले. साहेबांनी रेकॉर्ड काढली, नेहमीची बाजू वर ठेवली, सुई टेकवली आणि डोळे मिटले. नवऱ्याच्या कानामागून घाम ओघळत होता. बाजू संपली. साहेब "वा!" म्हणाले आणि रेकॉर्ड कव्हरात गेली. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही. आपल्या लाडक्या क्लासिकची दुसरी बाजू या गृहस्थाने कधी बघितलीसुद्धा नव्हती!

क्वार्टर मिळालं. नळ घरात आला. सासरे मात्र आले नाहीत. "मला हितंच बरं हाय," एवढंच म्हणाले.

काही वर्षांनी साहेब दुसऱ्या कंपनीत गेले. जाताना त्यांनी ती रेकॉर्ड माझ्या नवऱ्याला भेट दिली. "तुमच्याइतका दर्दी मला इथे दुसरा भेटला नाही." घरी उलटी करून पाहिली तर आमची हळद जशीच्या तशी. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नवरा हसला नाही. रेकॉर्ड कव्हरात घालत म्हणाला, "दसऱ्याला दादांना घेऊन येतो."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सासरे आले. संध्याकाळी मी त्यांना ती बाजू लावून दिली. खूप खरखर होती, पण खरखरीच्या खालून ती जाड तार ऐकू येत होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. सकाळी मी तबक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी शिलाई मशीनला हळदकुंकू लावलं, नवऱ्याच्या स्कूटरलाही, तो स्वतः हात धरून घेऊन गेला म्हणून. मग प्लेअरपाशी आले आणि थांबले.

"दादा, लावा ना," नवरा म्हणाला. इतक्या हळू आवाजात मी त्याला बोलताना ऐकलं नव्हतं.

सासऱ्यांनी कुंकवाची बोटं धोतराला पुसली.

"नगं," ते म्हणाले. "पुन्ना डाग पडल."