मोरीतली काठी

केंदूरचे हरिबा मोरीत घसरून पडले, तसा पुण्यातला मुलगा बिरदेव हट्टालाच पेटला, “आबा, बास झालं. आता माझ्या फ्लॅटवर चला.” जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाचा जीव त्या विचारानंच गुदमरला.

गावातच दिलेली लेक पूनम तडक गवंडी घेऊन आली. त्यानं भिंतीला कमरेइतक्या उंचीवर आडवा स्टीलचा पाइप बसवला. पाइप झकास, पण आबांचा हात त्यावर जाईचना. तोल गेला की हात वर हवेत चाचपडायचा.

“आबा, पाइप खाली हाय! वर काय शोधताय?” पूनम खेकसली आन् बोलता बोलता थबकली. आबा मेंढरं राखताना उंच काठी खांद्यापाशी धरून उभे राहायचे. हात तीच काठी शोधत होता.

तिनं गवंड्याला पुन्हा बोलावलं. “उभा बसव, काठीसारखा.” साबणाचा हात सटकू नये म्हणून आबांनीच वळलेली लोकरीची दोरी तिनं पाइपाला गुंडाळली.

सकाळी हरिबा एकटे आंघोळ करून बाहेर आले. त्यांनी बिरदेवला फोन लावला, “सुट्टीला ये. मी हितंच हाय.” मग ओला हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. “तुझ्यामुळं गं, पोरी.”