बारा पस्तीसचा मुहूर्त आणि मामांचा उजवा हात

"म्याडम, बारा पस्तीसला अक्षता पडल्या. त्याच्या धा मिन्टं आधी मेव्हण्याचं तोंड वाकडं झालं," असं म्हणत नवरीच्या वडिलांनी लग्नपत्रिकाच माझ्या टेबलावर ठेवली. मी घड्याळाकडं पाहिलं. पाच वाजले होते.

मी परभणीत फिजिशियन आहे. स्ट्रेचरवर होते किसनमामा, नवरीचे सख्खे मामा. मानवतच्या मंगल कार्यालयातून त्यांना नवरीसाठी सजवलेल्या गाडीत घालून आणलेलं. अंगावर झेंडूच्या पाकळ्या, डोक्याला फेटा, उजवा हात लुळा, शब्द तोंडातल्या तोंडात. लोक याला लकवा म्हणतात, आम्ही स्ट्रोक. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती वाढते.

बारा पंचवीस आणि साडेचार तास, म्हणजे चार पंचावन्न. पाच मिनिटांनी हुकलं होतं!

तरी सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता. बीपी, शुगर सगळं ठीक. नुसती वेळच जुळेना.

तेवढ्यात मामांचा मुलगा जर्मनीहून व्हिडिओ कॉलवर आला. "म्याडम, इकडं वेळ म्हाईत नसली तरी एमआरआय करून अंदाज काढतेत. मांडीतून बारीक नळी घालून गुठळी बाहेर ओढतेत. तुमच्याकडं?"

"ती सोय संभाजीनगरला, बाळा. पोचायला चार-पाच तास. माझ्याकडं सीटी हाय, इंजेक्शन हाय आणि तुझे नातेवाईक हायेत."

मग मी जड मनानं सांगून टाकलं, "इंजेक्शन देता येणार नाही. वेळ गेली."

इतका वेळ कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या मामी एकदम उसळल्या. "कायचं बारा पस्तीस! दाजी, माझ्या कुंकवाचा सवाल हाय, खोटं बोलू नका! दोन वाजले तरी नवरदेवाकडची पोरं डीजेपुढून हालंनात!"

"अहो, पाव्हण्यांदेखत कशाला..." दाजी, म्हणजे नवरीचे वडील, पुटपुटले. घराण्याची अब्रू!

"मग लग्न लागलं किती वाजता?" मी दाजींना विचारलं.

"पत्रिकेत तर बारा पस्तीसच हाय."

"पत्रिका घाला चुलीत!" मी ओरडले. "मोबाईलमधले फोटो दाखवा, फोटो!"

बाहेर पंधरा-वीस फेटेवाले उभे. सगळ्यांचे मोबाईल एकदम बाहेर निघाले. एका फोटोत मामा व्याह्यांना फेटा बांधत होते, दोन्ही हातांनी, खदखदून हसत. वेळ दोन चोवीस. दुसऱ्यात नवरीच्या मागं उभे, तोंड वाकडं, हात लोंबकळलेला. दोन अडतीस.

"भाची सासरी चालली म्हणून रडायलेत, असं वाटलं आमाला," दाजी म्हणाले. नंतर खरा प्रकार त्यांच्या ध्यानात आला, तेव्हाही अपशकुन नको म्हणून अक्षता पडेस्तोवर त्यांना तसंच उभं ठेवलं, आणि मग पंख्याखाली निजवून पंगत उरकली. माझं डोकंच फिरलं. पण आनंदही पोटात मावेना. दोन चोवीसला माणूस धडधाकट! आत्ता पाच वीस. तीन ताससुद्धा झाले नव्हते!

"सिस्टर, इंजेक्शन!" मी एवढ्यानं ओरडले की मामी दचकल्या.

डीजेपुढून न हललेल्या त्या पोरांना मी त्या क्षणी मनातल्या मनात पेढे वाटले.

तासाभरानं मामांचं बोट हललं. मग मूठ वळली. सकाळी राऊंडला गेले तर मामांनी हळू, पण स्पष्ट विचारलं, "जेवणं झाली का पाव्हण्यांची?" वॉर्डभर हसू फुटलं. दाजी मात्र ढसाढसा रडले. मामींनी माझा हात धरला तो सोडेचनात.

तीन महिन्यांनी मामा ओपीडीत आले आणि भर पेशंटांत मला फेटा बांधला. दोन्ही हातांनी. असा घट्ट, की दुपारपर्यंत डोकं ठणकत होतं.

जर्मनीत वेळ मशीन सांगतं, आमच्याकडं मामी सांगते. म्हणून तोंड वाकडं दिसलं की आधी घड्याळ बघा आणि थेट दवाखाना गाठा. आमच्या केसपेपरवर आता 'झटका किती वाजता?' या प्रश्नाखाली एक ओळ मी हातानं लिहिते: पत्रिकेतली वेळ चालणार नाही.