गल्लीने पाठ फिरवली

तीस वर्षं सायकलवरून दारोदार पाव पोचवणाऱ्या बाईला एक दिवस गुडघ्यांनी सांगून टाकलं, आता बास. गल्ली चढाची. पायडल मारताना डाव्या गुडघ्यातून अशी कळ निघायची की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, चढावर सायकल बंद. थोरली बहीण म्हणाली, मग विकून टाक. दोघी बहिणी चढाच्या वरच्या अंगाला एकाच घरात राहायच्या आणि त्या घरात थोरलीचा शब्द शेवटचा असायचा. धाकटीने मात्र या एका बाबतीत कानाडोळा केला. सायकल जिन्याखाली ठेवून ती रोज पुसत राहिली.

पावाचं काम तिला परत नको होतं. तिला फक्त सायकलवर बसून तो चढ चढायचा होता. एवढी साधी गोष्ट कुणाला समजावून सांगता येत नाही, म्हणून ती त्या भानगडीत पडली नाही.

बेकरीला पीठ आणणारा ट्रकवाला सुट्टीच्या दिवशी सायकलला कुत्रं जुंपून मातीच्या वाटांवर फिरायचा. कुत्रं पुढे दोर ओढणार, माणूस मागे पायडल मारणार. चढावर निम्मा भार कुत्रं घेतं, असं तो बोलता बोलता म्हणाला आणि धाकटीच्या डोक्यात किडा वळवळला. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा तिने एक मागून घेतलं. पाय लांब, एक कान उभा, एक पडलेला. नाव ठेवलं धांदल.

ट्रकवाल्याने बजावलं होतं, की दीड वर्षाची होईपर्यंत तिला ओढायला लावायचं नाही, हाडं कच्ची असतात. तोवर तिला जग दाखवा, म्हणजे रस्त्यात कशाला बुजणार नाही. धाकटीने मनावर घेतलं. सायकल उलटी करून चाक गरगरा फिरवायचं आणि शेजारीच धांदलीचं जेवणाचं ताट ठेवायचं. छातीला पट्टा बांधून हलकी फळी खडखडत ओढू द्यायची. आणि जग? पाववालीच्या डोळ्यांपुढे जग म्हणून दुसरं काय येणार? तिने पिल्लाला आपल्या जुन्या फेरीवर नेलं. औषधवाला, न्हावी, शिंपीण, शाळेचा पहारेकरी, त्याच क्रमाने, एकही दार न चुकवता. प्रत्येक दारात थांबायचं, घंटी वाजवायची, तब्येतीची चौकशी करायची, तोवर पिल्लाचे लाड व्हायचे आणि काहीतरी तोंडात पडायचं. गल्ली पिल्लावर भाळली, पिल्लू गल्लीवर. धाकटी खूश होती.

धांदल मोठी झाली, पट्टा बसला, दोर सायकलला लागला. धाकटीने "चल" म्हणताच ती बाणासारखी सुटली, आणि औषधवाल्याच्या दारात जाऊन बसली. शेपूट हलवत. दोर चाकात आला आणि धाकटी औषधांच्या खोक्यांत. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दारात तेच, फक्त इथे खोकी नव्हती.

थोरलीने तिचं कोपर धुतलं, मलम लावलं आणि मग म्हणाली, "तिसऱ्यांदा पडलीस तर सायकल भंगारात. घे शपथ."

धाकटीने मुकाट्याने शपथ घेतली.

ट्रकवाल्याला बोलावणं गेलं. तो धांदलीच्या मागे गल्लीभर चालला, ती दारादारांत कशी थांबते ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही कुत्री वाढवली नाहीत. पाववाली वाढवलीत."

जग दाखवायचं म्हणजे लांबून, जगाला शिवू द्यायचं नाही, हे सांगायचं त्याच्याकडून राहिलंच होतं. आता उपाय एकच. कुठल्याही दारात तिला काही मिळता कामा नये. घास नाही, हात नाही, नजरसुद्धा नाही.

मग धाकटी पुन्हा दारोदार गेली, आमच्याकडे बघू नका अशी विनंती करायला. अशी विनंती गल्लीने जन्मात ऐकली नव्हती, पण पाळली. धांदल दिसली की न्हावी भिंतीकडे तोंड करायचा, शिंपीण सुईत दोरा ओवायला घ्यायची. नवीन राहायला आलेल्यांना वाटलं, या बाईशी अख्ख्या गल्लीचं वाकडं आहे. धांदल आधी कुईकुई करायची, भुंकायची, रुसून बसायची. पण धाकटी "आपलं बघ" एवढंच म्हणून पुढे चालायला लागायची आणि दोर पुढे ताणला गेला की पाठ थोपटायची. हळूहळू दारं सुटली.

एक सुटेना. स्वतःच्या घरासमोर आली की धांदल हमखास वळायची. धाकटीने पाळत ठेवली तेव्हा चोर सापडला. थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीतून टोस्ट टाकत होती.

धाकटी भडकली नाही. बाकीच्या सगळ्या दारांनी ऐकलं आणि आपलंच दार ऐकत नाही, इतकंच ती म्हणाली. थोरली बराच वेळ ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छ होता.

"मला बघून धावत येणारं दुसरं कोण आहे मला?" ती शेवटी म्हणाली.

घरात आली की तुझीच आहे, ताई, असं धाकटी म्हणाली. रस्त्यावर तेवढं तिला माझी राहू दे.

तिसऱ्या खेपेला गल्ली सकाळीच बाहेर येऊन उभी राहिली, सगळी पाठमोरी. धाकटीने पायडलवर पाय ठेवला. औषधवाल्याचं दार मागे पडलं. न्हाव्याचं पडलं. शिंपिणीचं, शाळेचं फाटक. गुडघा कुरकुरला, पण कळ आली नाही, कारण पुढे दोर ताठ होता.

घर आलं. दारात थोरली, रस्त्याकडे पाठ, हात काखांत घट्ट दाबलेले. धांदलीचा कान वळला. दोर सैल पडला, सायकल डगमगली. "आपलं बघ," धाकटी म्हणाली, आणि तिचाच आवाज चिरकला. थोरलीचे खांदे हलले. पण ती वळली नाही.

धांदलीने छाती पट्ट्यात रेटली आणि दोर पुन्हा ताणला.

चढ संपला तेव्हा धाकटीला कळलं, की तीस वर्षांत हा रस्ता ती पाय न टेकता कधी चढलीच नव्हती. दर दाराशी उतरली होती. आज पहिल्यांदा तो अख्खा तिच्या चाकाखालून गेला होता. ती एकटीच मोठ्याने हसली.

वळून पाहिलं तर गल्ली अजून पाठमोरीच. वळा असं कुणी सांगितलंच नव्हतं. थोरलीने तसंच, दरवाजाकडे तोंड करून विचारलं, "पडलीस?"

"नाही, ताई."

थोरली वळली. डोळे लाल होते. "मला काही दिसलं नाही. परत ये खालून."

धाकटी उतारावरून खाली गेली, धांदलीला पाणी पाजलं, दम खाऊ दिला आणि पुन्हा निघाली. या वेळी सगळी गल्ली रस्त्याकडे तोंड करून, डोळे फाडून उभी होती. धांदलीने कुणाकडे पाहिलं नाही. थोरलीकडेही नाही. दोघी तिच्यासमोरून झपकन वर गेल्या.

"धाकटी आहे माझी," थोरली न्हाव्याला म्हणाली. जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.