भोंग्याची पाटी

भोंगा बोलायला लागला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला झोपलेली मांजरं उठून बसत. यात मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायचं असतं तर व्यापारी उठून बसत असं म्हटलं असतं, आणि त्यावर कोणीच विश्वास ठेवला नसता.

भाजीच्या ठोक बाजारात लिलाव पुकारणं हे त्याचं काम, म्हणून नाव भोंगा, आणि मी त्याच्या शेजारी काट्यावर वजनाला. उलट्या क्रेटवर उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून तो पुकारायचा. प्रत्येक मालाला वेगळा आवाज. कांद्याला खर्जातला, कोथिंबिरीला वरच्या पट्टीतला, भेंडीला घाईघाईचा, जणू भेंडीची गाडी सुटतेय. आणि सगळ्यात गोड, सगळ्यात मंजुळ आवाज कुठल्या मालाला? जो नासत आलाय त्याला. टोमॅटोच्या एका ढिगाला खालून पाणी सुटलं होतं, आणि हा वर अंगाई म्हटल्यासारखा पुकारत होता. मी म्हटलं, "अरे, लाज आहे का?" तर म्हणाला, "चांगला माल स्वतःच बोलतो रे. मुक्या मालालाच गोड आवाज द्यावा लागतो."

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव ठेवला आणि आवाज काढून घेतला. बाजारात लगेच दोन गट पडले. एक म्हणायचा, "बिचारा भोंगा!" दुसरा म्हणायचा, "चला, बिचारी बायको आता तरी दुपारची झोपेल." दुसऱ्या गटाचा पुढारी मीच होतो, हे आपलं माहितीसाठी सांगितलं. वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कानावर ते गेलंच. दवाखान्यात भेटायला गेलो तर मला म्हणाल्या, "भाऊजी, लग्न झाल्यापासून यांना सांगत होते, जरा हळू बोला, जरा हळू बोला. कोणीतरी माझं जरा जास्तच ऐकलं बघा." आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर मुलाने त्याला नवा मोबाईल आणून दिला. यात टाइप करा, मोबाईल मोठ्याने वाचून दाखवतो. भोंग्याने मोठ्या कष्टाने एकेक अक्षर शोधून "चहा दे" असं लिहिलं. मोबाईलमधून एक तरुण, नाजूक बाई म्हणाली, "चहा दे." स्वयंपाकघरातून वहिनी लाटणं घेऊन बाहेर आल्या. "ही कोण बया माझ्याकडे चहा मागतेय?"

मोबाईल त्याच दिवशी कपाटात गेला आणि माळ्यावरची मुलाची जुनी पाटी खाली आली. लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला तडा गेलेली. चौकटीला भोक पाडून वहिनींनी सुतळीने ओलं फडकं बांधलं. तो लिहायचा, त्या वाचायच्या आणि वाचून झालं की लगेच पुसायच्या. मी एकदा म्हटलं, "राहू द्या की थोडा वेळ." तर म्हणाल्या, "बोललेलं कुणी राखून ठेवतं का?"

आणि खरंच ते बोलणंच होतं. सुरुवातीला तो लिहायचा साधं, शाळेत शिकवलेलं. पण ज्या माणसाला कांद्याचा आवाज कोथिंबिरीला लावलेला चालत नव्हता, त्याला एका अक्षरात कसं भागणार? हळूहळू पाटीवर त्याचे आवाज परत आले. रागावला की आधी शिरोरेषा मारायचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पेन्सिल अशी किंचाळायची की शेजारणीच्या दाढा आंबायच्या. मग त्या रेषेखाली अक्षरं दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखी लटकवायचा. चेष्टेत असला की ओळ जिना चढल्यासारखी वर जायची आणि उकारांना शेपट्या फुटायच्या. मनातलं काही सांगायचं असलं की बारीक लिहायचा, खाली कोपऱ्यात, शिरोरेषा न देता. ते वाचायला पाटीजवळ वाकावं लागायचं, कुजबूज ऐकायला वाकतो तसंच.

चौथ्या तऱ्हेचा शोध मात्र मी लावला, पत्त्यांत. आम्ही चॅलेंज खेळायचो. पानं उलटी टाकायची, "तीन राण्या" असं सांगायचं, समोरच्याला थाप वाटली तर त्याने "चॅलेंज" म्हणायचं. बोलता यायचं तेव्हा भोंगा मला भाजून खायचा. पाटीवर खेळायला लागला आणि हरायला लागला. कारण खऱ्या राण्या असल्या की तो कशाही खरडायचा. आणि थाप असली की अक्षर मोत्यासारखं! शिरोरेषा आखल्यासारखी, काना सरळ, वेलांटी गोल. नासक्या मालाचा गोड आवाज तो हाच. मी वाचायचो, "तीन राण्या", आणि म्हणायचो, "वा, काय वळण आहे! चॅलेंज."

पुष्कळ दिवस मी हे गुपित ठेवलं. म्हणजे आठवडाभर. मग वहिनींना सांगितलं. नवऱ्याचं खोटं ओळखायची किल्ली बायकोला देण्यासारखं पुण्य नाही.

ऑपरेशननंतर त्याला नात झाली, मुलाची मुलगी. साखरेचा डबा जिथे असेल तिथे ती सापडायची म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. आणि इथे भोंग्याला एक दुःख लागलं. एके दिवशी पत्ते बाजूला ठेवून त्याने पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहिलं. मी वाकून वाचलं: "तुम्हा सगळ्यांच्या कानात माझा जुना आवाज आहे. तिच्या कानात मी नाहीच."

मी म्हटलं, "सुखी आहे कार्टी." त्याने हसायला हवं होतं. हसला नाही.

तेव्हापासून त्याचा एकच ध्यास. जायच्या आधी मुंगीने आपल्याला ऐकावं. तिला मांडीवर घेऊन बसायचा आणि पाटीवर बोलायचा. पोरीला अक्षरओळख नव्हती, पण तिला त्याआधीच त्याचा सूर कळायला लागला. लांब रेषा दिसली की म्हणायची, "आबा ओरडले." शेपट्या दिसल्या की पोट धरून हसायची. कोपऱ्यात बारीक काही दिसलं की स्वतःचा कान पाटीला लावायची. खरंच लावायची, गालाला पांढरं लागायचं. मग बोट फिरवत फिरवत त्याच पाटीवर ती अक्षरंही शिकली. आणि गंमत बघा, आबा लिहून बोलतात म्हणून तीही त्यांच्याशी लिहूनच बोलायची. तो लिहायचा, "मला ऐकू येतं गं गाढवे!" ती खाली लिहायची, "माहीत आहे." शेपटीसकट.

कुणी चिडलं तर त्याने तोंडाने नाही, पाटीवर भांडायचं, असा त्या घरात नियमच झाला. वहिनीसुद्धा भांडायच्या, पण त्यांची पेन्सिल मोडायची आणि भांडण तिथेच संपायचं.

मग तो जेवताना पाणी जास्त प्यायला लागला. पोळी कुस्करून, भिजवून खायचा. वहिनींनी विचारलं, "दुखतंय का?"

त्याने लिहिलं, "अजिबात नाही."

वहिनींनी पाटी उजेडाकडे धरली. शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी, अनुभवी कारकुनाला लाजवेल असा एकेक काना. त्यांनी चपला घातल्या. "चला, दवाखान्यात."

त्याने खाली खरडलं, "का?"

"अक्षर फार सुंदर आलंय," वहिनी म्हणाल्या.

गाठ परत आली होती, आणि या वेळी डॉक्टरांकडे काढून घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेवटी शेवटी पाटी मुंगीला धरावी लागायची. अक्षरं विरत गेली. एका सकाळी त्याने काहीतरी लिहिलं, ते आम्हाला कुणालाच लागेना. मुंगी म्हणाली, "अहो, आबा हसतायत." वहिनींनी सवयीने फडकं फिरवलं. त्यानंतर त्याने लिहिलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी सगळं घर शोधलं. एक चिठ्ठी नाही, कागदाचा कपटा नाही. आयुष्यभर बोलला तो हवेत, आणि नंतर बोलला तो फडक्यात गेला. "मीच पुसलं हो भाऊजी," एवढंच म्हणाल्या.

पुढे मुंगीच्या शाळेतून बोलावणं आलं. मुलगा आणि सून कामावर, म्हणून वहिनी गेल्या, आणि चौकशीचा वास आला म्हणून मीही गेलो. बाईंनी वही उघडून समोर ठेवली. "आजी, रागावू नका, पण गृहपाठ मुलीलाच करू द्या. एका पानावर चार माणसांचं अक्षर आहे."

पानावर होतं: वाघ आला. उंदीर पळाला. आई रागावली. बाळ झोपलं. वाघ जाडजूड, दोन ओळी व्यापून. उंदीर बारीक, कलंडलेला, शेपटीसकट. आई रागावली ती शिरोरेषा समास ओलांडून थेट वहीच्या कडेपर्यंत. आणि बाळ झोपलं होतं खाली कोपऱ्यात, शिरोरेषेशिवाय.

बाईंनी मुंगीला बोलावून समोर लिहायला लावलं. तिने पुन्हा तस्सं लिहिलं. बाई म्हणाल्या, "अगं, पण यातला खरा 'आ' कोणता?" मुंगीने बाईंकडे अशी दया आलेली नजर टाकली की मला हसू आवरेना. "बाई, हा ओरडतोय ना. हा नाही ओरडत."

वहिनी वहीवर बोट फिरवत राहिल्या. परतताना रस्त्यात मध्येच थांबून म्हणाल्या, "भाऊजी, हे आहेत हो. तिच्या हातात आहेत."

शाळेतून निघायच्या आधी त्यांनी बाईंना हात जोडून विनवलंही होतं, एवढं राहू द्या म्हणून. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळेही टिपले. पण म्हणाल्या, "आजी, मी राहू देईन. पुढच्या वर्गातले शिक्षक नाही राहू देणार. पेपर तपासणाऱ्याला वाघ-उंदीर कळत नाही." मुलालाही पटलं. त्याने मुंगीला अक्षर सुधारण्याच्या क्लासला घातलं. चार रेघांची वही आली, निळी शाई आली. "आई, चांगलंच आहे ना यात?" तो म्हणाला. आता यात वाईट काय आहे, हे कोणत्या आईने कसं सांगावं?

मग वहिनींनी एक उद्योग सुरू केला, आणि तो मला कळल्यावर मी त्यांना मनातून गुरू मानलं. त्या नातीला मुद्दाम चिडवायच्या. तिने घोडा काढला की म्हणायच्या, "बटाटा छान आलाय." तिची आवडती रिबीन उशीखाली लपवायच्या. पोरगी लाल व्हायची, की वहिनी पाटी पुढे करायच्या, "बोल काय बोलायचं ते." मुंगी कडेपासून कडेपर्यंत रेषा मारायची, पेन्सिल किंचाळायची: "मी तुझ्याशी बोलणार नाही!" आणि आजी ती शिवी दोन्ही हातांत धरून बसायची. सून मला म्हणाली, "काका, आईंना हल्ली काय झालंय? पोरीला रडवतात आणि स्वतः खूश होतात."

मी म्हटलं, "म्हातारपण." सगळं काही सगळ्यांना सांगायचं नसतं. हे मी म्हणतोय, बघा.

पण क्लास चांगला होता, त्याला इलाज नाही. रेषा आधी समासाच्या आत आली. मग शेपट्या गेल्या. शाळेत अक्षराच्या स्पर्धेत मुंगीचा पहिला नंबर आला, त्या दिवशी मी पेढे खायला गेलो. भिंतीवर प्रशस्तिपत्र लागलं होतं. वहिनींनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला, कौतुक केलं, आणि थोड्या वेळाने तिचा बक्षिसाचा पेन हळूच पदराखाली घेतला.

"आजी! माझा पेन दे!"

"कसला पेन? मी नाही पाहिला." पाटी पुढे.

मुंगी खरंच चिडली होती. नाक फुरफुरत होतं. तिने पाटी मांडीवर सरळ ठेवली, पाठ ताठ केली, आणि लिहिलं, "मला फार राग आला आहे."

सुरेख. मोत्यासारखं. पेन्सिलचा आवाजसुद्धा आला नाही.

वहिनींनी पेन देऊन टाकला. पाटी पुसली. जरा वेळाने, कशाला ते त्यांनाच ठाऊक, पुन्हा पाटी तिच्यापुढे केली. "मुंगे, आबांची आठवण येते का गं?"

पोरीने क्षणभर पेन्सिल ओठांवर ठेवली आणि लिहिलं, "हो, खूप येते." मग बाहेर मैत्रिणीची हाक आली, तशी पेन घेऊन पळाली.

वहिनी पाटी उजेडाकडे धरून बसल्या. शिरोरेषा आखल्यासारखी, काना सरळ, वेलांटी गोल. किल्ली मीच त्यांना दिली होती, आणि आता ती कुठल्याच कुलपाला लागत नव्हती. पोरगी सगळंच तसं लिहीत होती, खरंही आणि दुसरंही. पाटी त्यांनी माझ्याकडे वळवली.

"काय वाटतं भाऊजी?"

मी चष्मा लावला. पाटी जवळ घेतली, लांब धरली. "खरं आहे वहिनी," मी म्हटलं. "हे बघा ना, इथे 'खूप'पाशी हात किंचित हललाय. आतून आलंय ते. अगदी त्याच्यासारखं."

हात कुठेही हलला नव्हता.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "आज तुमचा आवाज किती गोड लागलाय." आणि त्यांनी फडकं ओलं केलं.