फटफटीबाईंची हरवलेली चावी

सोमवारी सकाळी फटफटीबाईंच्या मोटरसायकलची चावी हरवली आणि बाईंनी घर डोक्यावर घेतलं. गाद्या उलट्या झाल्या, कपाटाचे कप्पे जमिनीवर आले, पिठाचा डबासुद्धा चाळून झाला. चावी काही सापडली नाही.

बाईंचं खरं नाव कागदोपत्री होतं तेवढंच. चौतीस वर्षं त्यांनी सुईण-नर्स म्हणून नोकरी केली होती, आणि त्यातली तीस वर्षं या एकाच मोटरसायकलवरून. दवाखाना खाली, रस्त्याला लागून. वस्त्या वर, डोंगराच्या कुशीत, एकमेकींपासून कोसा-दोन कोसांवर. सुरुवातीला बाई पायी जायच्या. एकदा पोचेपर्यंत बाळ जन्मून, रडून, झोपीही गेलं होतं. त्या घरची म्हातारी म्हणाली, "आलीस का? बस, पाणी पी." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते बाईंना जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, मला गाडी शिकवा.

नवरा हसला नाही, ही त्या माणसाची मोठी गोष्ट. त्याने स्वतःची मोटरसायकल बाहेर काढली, बायकोला पुढे बसवलं आणि आपण मागे बसला. "क्लच म्हणजे माणसाचा स्वभाव," तो म्हणाला, "हळूहळू सोडायचा. एकदम सोडलास की समोरच्याला झटका बसतो." बाईंनी तो एकदम सोडला आणि दोघं समोरच्या गवताच्या गंजीत गेली. पंधरा दिवसांत मात्र बाई एकट्या डोंगर चढू लागल्या. लोक आधी हसले, मग सरावले, आणि शेवटी वाट बघू लागले. लांबून फटफट ऐकू आली की दारातली माणसं आत ओरडून सांगायची, "आल्या गं, आता काळजी नाही." तेव्हापासून बाई फटफटीबाई झाल्या त्या कायमच्याच.

नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, नोकरी संपून आठ. पण गुरुवार चुकला नव्हता. दर गुरुवारी बाई वरच्या वस्तीत जायच्या, पोटुशा बायकांचं वजन बघायच्या, रक्तदाब मोजायच्या, थोडं रागवायच्या आणि परत यायच्या. कुणी त्यांना यायला सांगितलं नव्हतं, आणि कुणी येऊ नका म्हणायची छातीही केली नव्हती. केली होती ती फक्त त्यांच्या मुलाने.

"आई, तू अडुसष्ट वर्षांची आहेस," तो म्हणायचा.

"मला माहीत आहे. तू जन्मलास तेव्हा मीच हजर होते," बाई म्हणायच्या.

त्यामुळे चावी हरवल्यावर बाईंचा पहिला संशय कुणावर गेला असेल हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, पायातले बूट काढायच्या आत बाईंनी विचारलं, "तू लपवलीस का?"

मुलाचा चेहरा उतरला. बोलली ती सून. ती आत गेली आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली त्याची पँट घेऊन आली. "मी सकाळी फोनवर कळवलं, तर हे दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी येऊन गेले," ती म्हणाली. "गटाराचं झाकण उचलून आत उतरले होते, टॉर्च घेऊन. तुम्हाला डुलकी लागली होती तेव्हा, असं मला फोनवर सांगत होते."

मुलगा बूट काढत म्हणाला, "सापडली असती तर दिली असती, आई. पण सापडली नाही याचं मला वाईट वाटलं असंही म्हणणार नाही."

"खरं बोलतोस, बापावर गेलास," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यांची माफी मागायची रीत हीच होती.

गाडी अंगणात उभी होती ती मान वाकडी करून. बाईंना शिस्त फार, म्हणून हँडल लॉक केल्याशिवाय त्या कधी गाडी सोडत नसत. आता तीच शिस्त अंगाशी आली. गाडी ढकलली तरी ती जागच्या जागी गोल फिरणार. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे तिथून नवी चावी मिळायची आशाच नव्हती. मेकॅनिक येऊन बघून गेला आणि म्हणाला, सगळी कुलपं तोडावी लागतील. "माझ्या गाडीला हातोडा लावायचा नाही," असं सांगून बाईंनी त्याला वाटेला लावलं.

बुधवारी सकाळी चावीवाला आला. बाजाराच्या कोपऱ्यावर लाकडी पेटी मांडून बसणारा, बाईंच्याच वयाचा, कानाने थोडा कमी. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. मग बाजूच्या टूलबॉक्ससमोर उकिडवा बसला.

"तिन्ही कुलपांना एकच चावी होती ना, बाई?"

"एकच होती, दादा. पण ते टूलबॉक्स मी कित्येक वर्षांत उघडलेलं नाही."

"मग तेच आधी. ज्या कुलपाची झीज झाली नाही ते खरं बोलतं. इग्निशनचं कुलूप आता म्हातारं झालंय, कशालाही हो म्हणेल आणि वळणार नाही."

त्याने कोरी चावी काढली, मेणबत्ती पेटवली. अंगणात वारा होता. ज्योत टिकेना, तेव्हा सून पायरीवरून उठली आणि दोन्ही हातांचा आडोसा करून उभी राहिली. तिला त्या दिवशी सुट्टी होती. चावीवाल्याने कोऱ्या चावीवर काजळी धरली, ती कुलपात घातली, जराशी पिळली, बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली. काळ्या पात्यावर दोन बारीक ठिपके चमकत होते.

"इथे कुलूप तिला अडवतंय," तो सुनेला म्हणाला. "जिथे काजळी पुसली गेली तिथेच घासायचं. एक केसभर. जास्त घासलं तर पुन्हा नवी चावी, पुन्हा पहिल्यापासून."

त्याने दोनदा कानस फिरवली, पुन्हा काजळी धरली, पुन्हा चावी कुलपात घातली. बाई अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. किती वेळ लागेल हे त्यांनी तीनदा विचारलं. पहिल्या दोन वेळा त्याला ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, बाळाच्या वेळी नातेवाईक असं विचारायचे तेव्हा तुम्ही काय सांगायच्या?"

"बाहेर जाऊन बसा, असं सांगायचे."

"मग बसा."

सून खुदकन हसली. चौतीस वर्षं दुसऱ्यांना बाहेर बसवणाऱ्या बाई मुकाट्याने पायरीवर जाऊन बसल्या.

एक चावी बिघडली. दुसरी घेतली. ऊन अंगणभर पसरलं, मेणबत्ती बोटाएवढी उरली, आणि मग खट् असा छोटासा आवाज झाला. टूलबॉक्सचं झाकण उघडलं. आत एक गंजका पाना, एक जुना प्लग, आणि तान्ह्या बाळाचा लोकरीचा एक मोजा. बाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. कुणाचा होता ते त्यांना आठवेना. मोजा द्यायचा राहिला ते मूल आता कदाचित मिशा राखून हिंडत असेल, असं त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

हँडलचं कुलूप उघडलं. इग्निशनने थोडे नखरे केले, पण अजून दोन वेळा कानस लागल्यावर तेही वळलं आणि समोरचा छोटा हिरवा दिवा लागला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

चावीवाला कानस पुसत म्हणाला, "ही एक झाली. हिच्यावरून अजून करायची का? आता पाच मिनिटांचं काम आहे."

"नको," बाई म्हणाल्या. "चालवणारी एकटीच आहे."

"दोन करा," पायरीपाशी उभी असलेली सून म्हणाली.

बाईंनी मागे वळून पाहिलं. सून घरात बोलायची ती कामापुरतं. शिवणकारखान्यात कापड बेतायचं काम करायची, जायला दोन बसा, यायला दोन बसा, कधी कुरकुर नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि बाईंना वाटायचं, या मुलीला आपली गाडी म्हणजे अंगणातली अडगळ वाटत असेल.

"मला शिकायचीय, आई," ती म्हणाली. "कधीपासून विचारीन म्हणत होते. पण तुम्ही तिला कुणाला हात लावू देत नाही."

"अगं, कुणी मागितला का कधी हात लावायला?"

"आता मागतेय."

चावीवाल्याला हे सगळं ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्याने न विचारता दुसरी कोरी चावी पेटीतून काढली होती.

संध्याकाळी मुलगा घरी आला तर अंगण रिकामं. शेजाऱ्याने मैदानाकडे बोट दाखवलं. तिथे त्याची बायको पुढे बसली होती, आई मागे, आणि गाडी आचके देत, बंद पडत, पुन्हा चालू होत गोल गोल फिरत होती. "हळू सोड, हळू सोड," आई ओरडत होती. बायकोच्या तोंडावर धूळ होती आणि ती मोठमोठ्याने हसत होती. इतकं मोकळं हसताना त्याने तिला क्वचितच पाहिलं होतं. एकीला थांबवायला निघालेला माणूस, आता दोघी झाल्या. त्याने कपाळाला हात लावला, मग मैदानाच्या कडेच्या दगडावर बसला, आणि गाडी समोरून गेली तेव्हा उगीचच हात हलवला.

दुसऱ्या दिवशीच्या गुरुवारी बाईंनीच गाडी नेली. त्यानंतरचे पाच गुरुवारही. सहाव्या गुरुवारी सुनेने सुट्टी घेतली, दारात गाडी आणून उभी केली आणि म्हणाली, "बसा."

बाई वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र मांडीवर घेऊन मागे बसल्या. चढाला सुनेने गिअर बदलला तो इतका अलगद, की बाईंना कळलासुद्धा नाही. एवढ्या वर्षांत हा रस्ता त्यांनी फक्त समोर बघत पार केला होता, खड्डा, वळण, दगड, पुन्हा खड्डा. आज त्यांना कुठेच बघायचं काम नव्हतं. त्यांनी डावीकडे पाहिलं. खाली नदी होती, रुंद आणि चकचकीत.

"अगं, इथून नदी दिसते," त्या सुनेच्या कानाशी ओरडल्या.

"थांबवू का?"

"नको. चालू दे," बाई म्हणाल्या, आणि एका हाताने तिचा खांदा धरून नदी नजरेआड होईपर्यंत मान वळवून बघत राहिल्या.