तांब्याच्या हंड्यातलं पाणी

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. आणि राग एखाद्या चांगल्या गोष्टीसाठी असला की मग तर विचारूच नका. मला वाटतं, आता आपल्याला कुणी अडवायचं नाही.

गेल्या वर्षी माझा राग प्लॅस्टिकवर होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून वाण म्हणून वाटल्या आणि वर भाषणही ठोकलं. झाशीत मराठी बायका त्या किती! नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत सगळ्या मावतात. त्यातल्या तरुण सुनांना मराठी कळतं पण बोलता येत नाही, म्हणून मी तेच भाषण पुन्हा हिंदीत दिलं. एक म्हणाली, "भाभीजी, आपके घर में तो ढूँढे से प्लास्टिक नहीं मिलेगा!" मी नुसती हसले आणि स्वयंपाकघराचं दार पायानं हळूच ओढून घेतलं. आत डाळीपासून मिठापर्यंत सगळं प्लॅस्टिकच्या डब्यांत होतं.

ते मला झोंबलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं माझं चाललेलं. होळी झाली तशी मी पदर खोचला आणि घर उपसायला घेतलं. डबे, बाटल्या, टोपल्या, मग, बादल्या, सगळं कबाडवाल्याच्या गाडीवर. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "अगं, आंघोळीची बादली तरी ठेव." नाही ठेवली. पितळेची काढून दिली, ती उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली तरी मी हटले नाही.

त्या गाडीवर सासूबाईंचा निळा जगही गेला.

हा जग म्हणजे साधा झाकणाचा, तोटीचा, पाणी गार राहणारा. त्यांच्या पलंगाशी स्टुलावर असायचा. घरात आरओचं मशीन आहे, पण सासूबाई त्याचं पाणी पीत नाहीत. "मशीनमध्ये पाणी मरतं," असं त्यांचं म्हणणं. सकाळी नळ आला की फडक्यातून गाळून जग भरायचा आणि दिवसभर तेच प्यायचं, हा त्यांचा नेम. मी त्यांना न विचारता तो उचलला. त्या आंघोळीला गेल्या होत्या. बाहेर आल्या, स्टुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझी वस्तू, मला विचारायचं नाही?"

"प्लॅस्टिकमधलं पाणी पिऊन आजारी पडायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं. वर आवाजही चढवला.

त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. असा अबोला आमच्याकडे नवा नाही, पण या वेळी लांबला. माझंच खरं आहे याची मला इतकी खात्री होती की पहिला शब्द आपण का टाकावा, असं मला वाटत होतं. त्या चार दिवस मशीनचं पाणी औषध घेतल्यासारखं तोंड करून प्यायल्या. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

आता पाण्याचं सांगते. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ येतो म्हणजे देव प्रसन्न होतो, एरवी बोअरवर भागवायचं. आणि ते मशीन पेलाभर गोड पाणी देताना त्याहून जास्त पाणी नळीनं मोरीत सोडून देतं. क्षार, खार, जे काही मशीन वेगळं काढतं ते सगळं त्या सोडलेल्या पाण्यात. पिण्याच्या कामाचं ते नाही, पण फरशी पुसायला, कुंड्यांना घालायला काय हरकत? रस्त्यावर बायका टँकरमागे धावतायत आणि आपण मोरीत ओततोय, हे बघून माझा जीव तुटायचा. मी नळीखाली स्टीलचं पातेलं ठेवलं. ते तासाभरात भरायचं. साठवायला मोठं भांडं हवं, आणि बादल्या तर मीच देऊन बसलेले. मग माळ्यावरून सासूबाईंच्या माहेरचा तांब्याचा हंडा काढला.

काळाठिक्कर पडला होता. चिंच-मीठ लावून दुपारभर घासला. असा लखलखला की मी स्वतःवरच खूश. मागच्या व्हरांड्यात सावलीला तिवईवर ठेवला, पातेल्यातलं पाणी त्यात ओतलं, डासांची अंडी नकोत म्हणून वर ताटली आणि कुंड्यांना घालायला ताटलीवर फुलपात्र उपडं. त्याचा फोटो काढून बायकांच्या ग्रुपवर टाकला. 'थेंब थेंब वाचवा' असं वर लिहिलं. अंगठ्यांची रांग लागली. यांना आणि कामवालीला सांगितलं की हे झाडांचं आणि फरशीचं पाणी. सासूबाईंना सांगितलं नाही. बोलतच नव्हतो ना आम्ही!

दुसऱ्याच दिवशी सासूबाई माझ्याशी बोलल्या. मी पोळ्या लाटत होते, मागून आल्या आणि म्हणाल्या, "सरक बेटा, मी भाजते." मी चकित. त्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी कैरीचं पन्हं केलं, माझ्या दुखऱ्या टाचेला तेल चोळलं, शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हमारी बहू मुँह की तेज़ है, मन की नहीं." पंचवीस वर्षांत असं कौतुक मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, पटलं म्हातारीला! जग गेला ते बरंच झालं, हे तिलाही उमगलं. मी किती शेफारले होते, आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्या पाणी कुठलं पितात हे मी विचारलंच नाही. मशीनचं पीत असतील, सवय झाली असेल, असं धरून चालले. दुपारभर पुढच्या खोलीत माझ्या शिकवण्या चालतात. मागच्या व्हरांड्यात काय होतं, मला काय कळणार?

जूनच्या आगीत त्या अंथरुणाला खिळल्या. आधी जेवण तुटलं, मग उलट्या, मग पायांवर सूज. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, किडनीवर ताण आलाय. काय खातात, कुठल्या गोळ्या घेतात, पाणी कुठलं पितात, सगळं विचारलं. "आरओचं," मी छातीठोक सांगितलं.

संध्याकाळी मी त्यांना बाटलीतलं पाणी पाजायला गेले तर त्यांनी ओठ मिटले. म्हणाल्या, "हे नको गं. घरून आण. तुझ्या हंड्यातलं."

मी बाटलीचं झाकण लावलं.

इथल्याच खंडेराव गेटजवळच्या त्यांच्या माहेरी पिण्याचं पाणी कसं असायचं, हे मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलंय. चिंचेनं घासलेला तांब्याचा हंडा, वर ताटली, ताटलीवर उपडं फुलपात्र. संध्याकाळी उरलेलं शिळं पाणी झाडांना घालायचं, हंडा विसळायचा, ताजं भरायचं. मी तरी दुसरं काय करत होते? रोज संध्याकाळी उरलेलं पाणी कुंड्यांना आणि हंड्यात नवं. शंभरदा ऐकलं, पण मी ऐकते कुठे! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

घरी येऊन हंड्यातलं फुलपात्र भरून मी स्वतः तोंडाला लावलं. दुसरा घोट घशाखाली उतरेना. खारट, तुरट, जिभेला चिकटणारं. आणि हे त्या भर उन्हाळ्यात, दोन-अडीच महिने, तहान लागेल तेव्हा प्यायल्या होत्या.

डॉक्टरांना एकटं गाठून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देखिए, उम्र है, गर्मी है, घुटनों की गोलियाँ हैं. सिर्फ़ पानी से हुआ, ऐसा मैं नहीं कह सकता." मी विचारलं, "पानी से नहीं हुआ, ऐसा कह सकते हैं?" ते कागद चाळायला लागले. यांनाही सांगितलं. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आईला तू सांग. मी नाही सांगणार."

दहा दिवसांनी सासूबाई घरी आल्या. सूज उतरली होती, पण पाणी मोजून, मीठ नाही, डाळ नाही, आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी. ती आता कायमची. हंडा मी रिकामा करून पुन्हा माळ्यावर टाकला होता. पहिल्याच दुपारी त्यांनी व्हरांड्याकडे बघून विचारलं, "हंडा कुठाय?"

मी त्यांच्या पलंगावर बसले. हात धरायचं धाडस झालं नाही. म्हटलं, "आई, ते पाणी प्यायचं नव्हतं. मशीन जे टाकून देतं ते होतं. मी झाडांसाठी साठवत होते. तुम्हाला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. माझं चुकलं. तुमच्या या दुखण्याला मीच..." पुढे मला रडू आलं.

मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील. द्याव्यात, असंच मला वाटत होतं.

"खारट लागायचं ते," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. मला काय चव कळत नाही? पण म्हटलं, माझा जग टाकला म्हणून हिनं माझ्या माहेरचा हंडा काढला, एवढा घासला. तोंडानं माफी मागणं हिला जमत नाही, हातानं मागितली. मग मी खारट म्हणून नको कशी म्हणू?"

मी मान खाली घातली.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, आणि आवाज अगदी बारीक झाला, "तो हंडा माझ्यासाठी नव्हता?"

खोटं बोलायची ती वेळ होती. एरवी मला सहज जमतं.

"नव्हता, आई," मी म्हटलं.

त्यांनी दोनदा मान हलवली, समजलं म्हणून. मग भिंतीकडे कूस बदलली आणि मला म्हणाल्या, "जा तू. शिकवणीची मुलं आली असतील."